हॅलोवीनच्या चलप्रतिमा

हॅलोवीन या सणासाठी घराच्या अंगणात, ओसरीवर वा तळघरात मांडल्या जाणाऱ्या आणि यंत्राच्या साहाय्याने हालचाल करणाऱ्या भुताखेतांच्या, सापळ्यांच्या व चेटकिणींच्या प्रतिकृतींना चलप्रतिमा म्हणता येईल. हा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होतो. चलप्रतिमांचा छंद मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत रूढ आहे. अशा प्रतिमा बाजारात तयारही मिळतात. तथापि प्रस्तुत नोंदीचा विषय घरी बनविलेल्या आणि त्यांतही ज्यांची हालचाल संथ व अखंड असते अशा प्रतिमा हा आहे. मोडीत निघालेल्या मोटारगाडीची काच पुसणारी मोटर, लाकडी पट्ट्या, मासे धरण्याचा दोरा, कप्प्या, तलम जाळीदार कापड व प्लॅस्टिकची कवटी एवढ्या सामग्रीतून त्या उभ्या राहतात. या कलेचा इतिहास हा बहुतांशी एकाच अडचणीचा इतिहास आहे. यंत्राला हालचाल सुरू करणे व थांबविणे सोपे असते. ती सुरू होताना व थांबताना हिसका बसू न देणे अवघड असते. हिसका बसला, की पाहणाऱ्याला भूत दिसत नाही, मोटर दिसते.

सणाचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोकांच्या सॅवन या ऋतुसंधीच्या उत्सवात सांगतात. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतस्मरणाचा दिवस ठरला व त्याच्या पूर्वरात्रीला हॅलोवीन हे नाव मिळाले. १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे दुष्काळ पडला. तेव्हा अमेरिकेत गेलेल्या लक्षावधी लोकांबरोबर हा सण तेथे अधिक पसरला. मायदेशी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत; अमेरिकेत त्याची जागा भोपळ्याने घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी सणाच्या रात्री तरुणांचा धुडगूस वाढू लागला. १९३० नंतरच्या आर्थिक मंदीच्या काळात तो इतका वाढला, की त्याला आळा घालण्यासाठी पालकांनी व नागरी संस्थांनी मुलांना गुंतवून ठेवणारे कार्यक्रम योजण्यास सुरुवात केली. अंधाऱ्या तळघरातून वाट काढावयाची, हाताला ओलसर काहीतरी लागावयाचे, कोपऱ्यातून कोणी कण्हावयाचे, असा त्यांचा थाट असे. घरगुती भूतघराची परंपरा येथून सुरू झाली. त्या वेळी भुते मात्र माणसेच होत असत. यंत्रे फार पुढे आली.

यंत्राने प्रतिमा हलविण्याची विद्या या सणापेक्षा वेगळ्या व पुष्कळ जुन्या वाटेने आलेली आहे. इ. स. पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हीरो याने स्वयंचलित रंगभूमीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील यंत्राची प्रेरक शक्ती खाली उतरणारे एक जड वजन ही होती. वजन मोकळे सोडले, तर ते वाढत्या वेगाने कोसळणार. म्हणून हीरोने ते बाजरीसारख्या बारीक धान्याने वा मोहरीने भरलेल्या नळीत ठेवले. तळाच्या भोकातून दाणे एकसारख्या गतीने गळत आणि वजन त्यांच्याबरोबर सावकाश खाली येई. वजनाला बांधलेली दोरी आसावर गुंडाळलेली असे. खुंट्यांभोवती तिचे वेढे उलटसुलट दिले, की चाके पुढेमागे फिरत. वेढ्यांमध्ये ढील ठेवली, की ती थांबत. संथ गतीचा प्रश्न स्वतंत्रपणे ओळखून सोडविल्याचे हे फार जुने उदाहरण होय.

भारतात अकराव्या शतकात धारचा परमार राजा भोज याच्या समराङ्गणसूत्रधार या ग्रंथात यंत्रविधानावर एक अध्याय असून त्यात चांगल्या यंत्राचे गुण सांगितले आहेत. त्यांत आवाज नको तेथे तो न होणे (शब्दहीनता), सांधे सैल नसणे (अशैथिल्य) आणि ते घट्टही नसणे (अगाढता) यांचा समावेश आहे. शेवटचे दोन गुण एकमेकांना लागून सांगितले आहेत, हे लक्षणीय आहे. सैल सांध्यातून खडखडाट व थरथर निर्माण होते, तर घट्ट सांधा अडून राहतो आणि मग एकदम सुटतो. अंगणातील भूत बनविणाऱ्या आजच्या हौशी कारागिराचा अर्धा वेळ या दोन दोषांच्या मधली जागा शोधण्यात जातो.

यूरोपातील घड्याळजींनी अठराव्या शतकात ही विद्या कळसास नेली. स्वित्झर्लंडमधील प्येअर झाके-द्रो, त्यांचा मुलगा व त्यांचे सहकारी यांनी १७६८ ते १७७४ या काळात लेखक, चित्रकार व वादिका अशा तीन बाहुल्या बनविल्या. त्या नशातेल येथील संग्रहालयात असून अद्याप चालू शकतात. लेखकाच्या शरीरात सु. ६,००० भाग आहेत. तो पीस दौतीत बुडवितो, झटकतो आणि लिहिताना त्याचे डोळे अक्षरांबरोबर सरकतात. त्याच्या हाताची चाल कॅम नावाच्या चकत्यांवर अवलंबून आहे. कॅम म्हणजे कडेला उंचसखल आकार दिलेली चकती होय. ती फिरू लागली, की तिच्या कडेवर टेकलेला दांडा त्या आकाराप्रमाणे वरखाली होतो. हालचालीची सगळी स्मृती पितळेच्या कडेत कोरलेली असते. कड सफाईने वळविलेली असेल, तर हात माणसासारखा वळतो. कडेत एक जरी ओरखडा असला, तरी तो मनगटात दिसतो.

हेन्री मायार्दे याने सु. १८०० मध्ये केलेल्या अशाच एका बाहुलीची हकीकत येथे देण्याजोगी आहे. १९२८ मध्ये ती फिलाडेल्फियातील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटला मोडक्या स्थितीत मिळाली, तेव्हा तिच्या कर्त्याचे नाव निश्चित ठाऊक नव्हते. दुरुस्ती करून ती चालविल्यावर तिने चार चित्रे काढली, तीन कविता लिहिल्या आणि एका कवितेच्या कडेला आपण मायार्देचे यंत्र असल्याचे फ्रेंचमध्ये लिहून दिले. कागदपत्रांत हरवलेले नाव कॅमच्या कडेत सुरक्षित राहिले होते.

भय उत्पन्न करण्याकरिता हालचालीचा उपयोग मात्र प्रथम प्रकाशाच्या खेळांतून झाला. पॅरिस येथे १७९८ पासून एत्येन-गास्पार रोबेर (रॉबर्टसन) हा फँटॅस्मॅगोरिया नावाचे खेळ करू लागला. पडद्यामागे चाकांवर बसविलेला चित्रदीप मागे सारला, की पडद्यावरील भूत मोठे होई व प्रेक्षकांना ते अंगावर येत असल्यासारखे वाटे. लंडनमधील रॉयल पॉलिटेक्निकमध्ये २४ डिसेंबर १८६२ रोजी जॉन हेन्री पेपर याने हेन्री डर्क्स याच्या कल्पनेवर आधारलेला एक प्रयोग दाखविला. रंगमंचावर तिरप्या बसविलेल्या मोठ्या काचेत लपलेल्या नटाचे प्रतिबिंब पडे आणि ते पारदर्शक भुतासारखे भासे. या दोन्ही खेळांतील भुते घसरत, तरंगत, विरत. ती कधी धक्के खात चालत नसत. पाश्चात्त्य लोकांच्या मनात भुताची चाल संथ ठसली, त्यात या खेळांचा वाटा मोठा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जत्रांतील भूतघरे याच्या उलट वाटेने गेली. इंग्लंडमध्ये १९१५ साली बांधलेले, वाफेवर चालणारे एक भूतघर हॉलीकोंब येथील संग्रहात जतन केलेले आहे. अमेरिकेत १९२८ पासून रुळांवरून छोट्या गाड्यांत बसवून अंधारातून नेणारे खेळ निघाले. त्यांत भर होता तो एकाएकी उघडणाऱ्या दारावर, अंगावर येणाऱ्या सापळ्यावर व कर्कश आवाजावर. प्रेक्षक क्षणभरच समोर असल्याने हालचालीच्या सफाईची कोणाला गरज नव्हती.

सफाईची गरज पुन्हा निर्माण केली ती वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेने. कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँडमध्ये १९६३ साली गाणाऱ्या पक्ष्यांचे सभागृह सुरू झाले व न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांची उठून भाषण करणारी प्रतिमा मांडण्यात आली. या प्रतिमांच्या हालचालींचे संकेत चुंबकीय फितीवर मुद्रित केलेले असत. १९६९ मध्ये त्याच उद्यानात ‘हाँटेड मॅन्शन’ हे भूतघर उघडले. त्यातील नाचणाऱ्या भुतांचे दालन पेपरच्याच काचेच्या युक्तीवर उभारलेले आहे. मोठ्या प्रतिमांत एक अडचण दीर्घकाळ टिकून होती. जड हात वेगाने हलवून एकदम थांबविला, की जडत्वामुळे सगळी प्रतिमा थरथरे. म्हणून तिच्या हालचाली मुद्दाम मंद ठेवाव्या लागत. १९८९ मध्ये फ्लॉरिडातील एका खेळात बसविलेल्या चेटकिणीच्या प्रतिमेत नियंत्रणाची नवी रीत आली. तिच्यात अवयवाला थांबण्याच्या जागेशी किंचित नमते घेऊ दिले जाई. त्यामुळे वेग वाढूनही थरथर उरली नाही. तो खेळ २०१७ साली बंद झाला. हाँटेड मॅन्शन पाहून घरी परतलेल्या कित्येकांनी तसेच काही आपल्या अंगणात करण्याचे मनावर घेतले आणि तेथून घरगुती चलप्रतिमांचे खरे युग सुरू होते.

त्यांच्याजवळ द्रवीय यंत्रणा नव्हती व पैसाही नव्हता. त्यामुळे त्यांनी जी वाट काढली, ती मूळ यंत्रापेक्षा साधी व काही बाबतींत अधिक परिणामकारक ठरली. १९९० नंतरच्या दशकात हौशी मंडळींत पसरलेले ‘उडते भूत’ हे तिचे उत्तम उदाहरण आहे. छताजवळ वा झाडाच्या फांद्यांत एक लाकडी चौकट टांगतात. तिच्यावर काच पुसणारी मोटर बसवून तिच्या आसाला एक आडवी भुजा (क्रँक) जोडतात. भुजेच्या टोकाला तीन दोरे बांधतात. चौकटीवर भुजेभोवती वेगवेगळ्या दिशांना बसविलेल्या तीन कड्यांतून वा कप्प्यांवरून हे दोरे खाली सोडतात. एक भुताच्या डोक्याला व दोन हातांना जातात. मोटर एकच, तिची गतीही एकच. पण भुजेचे टोक ज्या कडीपासून दूर जाईल तिचा अवयव वर उचलला जातो आणि ते जवळ आले, की तो खाली येतो. कड्या वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे डोके, डावा हात व उजवा हात मागेपुढे वरखाली होत राहतात. जाळीदार कापडाच्या घोळामुळे त्यांच्यातील दुवा झाकला जातो आणि अतिनील दिव्याखाली पांढरे कापड स्वतःच उजळल्यासारखे दिसते. दोरे दिसत नाहीत.

या रचनेची सफाई भूमितीतून येते. भुजा १५ सेंमी. लांब असेल, तर दोऱ्याचे टोक ३० सेंमी. वरखाली होते. भुजा मिनिटाला १० फेरे घेत असेल, तर एक आवर्तन ६ सेकंदांत पुरे होते. मधल्या टप्प्यात हाताचा वेग सेकंदाला सु. १६ सेंमी. असतो आणि दोन्ही टोकांना तो आपोआप शून्यावर येतो. हात वर पोहोचताना मंदावतो, क्षणभर रेंगाळतो व हळूहळू परत वळतो. ही चाल म्हणजे लंबकाची सरल आवर्त गती होय. कडी भुजेपासून जितकी दूर, तितकी ती गती अधिक निर्दोष असते. येथे नियंत्रण करणारे कोणतेही मंडल नाही व बिघडण्याजोगे काही जवळजवळ नाहीच. पुण्यामुंबईकडील गणेशोत्सवाचे हलते देखावे ज्यांनी मागल्या बाजूने पाहिले आहेत, त्यांना मोटर, भुजा व दोरी ही सामग्री अपरिचित वाटणार नाही.

मोटरची निवडही विचारपूर्वक झालेली आहे. काच पुसणाऱ्या मोटरीत आसावरील मळसूत्राचे आटे मोठ्या दंतचक्राला फिरवितात. त्यामुळे गती पुष्कळ कमी होते व जोर वाढतो. शिवाय बाहेरून जोर लावला तरी चक्र सहसा उलटे फिरत नाही, म्हणून वीज बंद झाली तरी भूत खाली कोसळत नाही. ही मोटर १२ व्होल्टसाठी बनविलेली असते. जुन्या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून १२ व ५ असे दोन्ही व्होल्टदाब मिळतात. ५ व्होल्टवर जोडली, की मोटर फार सावकाश फिरते आणि आवाजही करीत नाही. अंगणातील अर्धी भुते टाकाऊ संगणकांवर चालतात, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढची पायरी म्हणजे बोलणारी व मान वळविणारी कवटी. तिच्यात आवर्त गती पुरेशी नसते. मान ठरावीक शब्दावर ठरावीक बाजूस वळावी लागते. त्यासाठी दूरनियंत्रित खेळण्यातील विमानांकरिता निघालेली सर्व्हो ही छोटी मोटर वापरतात. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत् स्पंद पाठविला जातो. स्पंदाची लांबी साधारणपणे १ ते २ मिलिसेकंद असते आणि त्या लांबीवर आस कोणत्या कोनात थांबावयाचा हे ठरते. २००५ मध्ये इटलीतील ईव्ह्रेआ येथे आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक तयार झाल्यानंतर असे स्पंद पाठविणे शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले.

सोय वाढली तशी हिसक्याची जुनी तक्रार नव्या रूपात परत आली. सर्व्होला नवा कोन सांगितला, की ती आपल्या पूर्ण वेगाने तेथे धाव घेते व आदळल्यासारखी थांबते. हालचालीचे लहान लहान टप्पे करून पाठविले, तर टप्पेच दिसू लागतात. रंगमंचावरील दिव्यांच्या नियंत्रणात २५६ पायऱ्यांची पद्धत रूढ आहे व पुष्कळ हौशी लोक तीच प्रतिमांना लावतात. १८० अंशांचे २५६ भाग केले, तर एक पायरी सु. ०.७ अंशाची होते. डोळ्याच्या बुबुळाला हे चालून जाते. पण १ मी. लांबीच्या हाताच्या टोकाला त्याच पायरीत सु. १२ मिमी. चा हिसका बसतो. मंद गतीत तो स्पष्ट दिसतो आणि भूत कुडकुडत असल्यासारखे वाटते. यावर उपाय असा, की सर्व्होची सगळी फेरी मानेच्या ३०–४० अंशांतच वापरली जाईल, अशा बेताने तरफा जोडावयाच्या. पायऱ्या तितक्याच राहतात, पण बारीक होतात. अवयवाचे वजन स्प्रिंगने वा प्रतिभाराने तोलून धरले, तर मोटरीवरचा ताण जातो. सांध्यातील सैलपणा रबराच्या एका बंदाने सतत एकाच बाजूस ओढून धरला, तर खडखड थांबते. स्थिर घर्षण हे चल घर्षणापेक्षा अधिक असल्याने सांधा आधी अडतो व मग सुटतो; तेथे धारवा (बेअरिंग) बसविल्यावाचून गत्यंतर नसते. भोजाच्या ग्रंथातील अशैथिल्य व अगाढता ती हीच.

गती कशी वाढवावी व कशी उतरवावी, याचे ज्ञान दोन वेगळ्या क्षेत्रांतून मिळाले. चलच्चित्रकार पूर्वीपासून हालचालीच्या आरंभी व शेवटी चित्रे दाट काढीत व मध्ये विरळ. फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन या डिझ्नीच्या चित्रकारांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या नियमाला बारा मूलतत्त्वांत स्थान दिले. त्यानंतर १९८५ मध्ये टामार फ्लॅश व नेव्हिल होगन यांनी माणसाच्या हाताच्या हालचालींचे गणित मांडले. प्रवेग ज्या दराने बदलतो, त्याला यांत्रिकीत हिसका म्हणता येईल. माणसाचा हात एका जागेवरून दुसरीकडे जाताना एकूण हिसका कमीत कमी राहील अशा रीतीने जातो, असे त्यांनी दाखविले. अशा हालचालीत वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा असून मधला कमाल वेग सरासरीच्या १.८७५ पट असतो. ३ सेकंदांत ६० अंश वळणाऱ्या मानेचा सरासरी वेग सेकंदाला २० अंश असेल, तर मध्यावर तो ३७.५ अंशांपर्यंत चढला पाहिजे. हे सूत्र नियंत्रकात चार ओळींत लिहिता येते. ज्याने ते लिहिले नाही, त्याची कवटी महागड्या मोटरी असूनही खेळणेच राहते.

सफाईने भय का वाढावे, हा प्रश्न उरतोच. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एका निबंधात असे प्रतिपादन केले, की कृत्रिम आकृती माणसासारखी जवळजवळ होते, पण पुरती होत नाही, तेथे पाहणाऱ्याच्या मनात एकदम किळस वा धास्ती उत्पन्न होते. हालचालीने ती अधिक तीव्र होते. यंत्राच्या चेहऱ्यावरील हास्य निम्म्या गतीने उमटविले, तर ते आनंदी न वाटता भेसूर वाटते, असे उदाहरणही त्यांनी दिले. यंत्रमानव बनविणाऱ्यांना ही दरी टाळावयाची असते. हॅलोवीनच्या कारागिराला तिच्यातच मुक्काम करावयाचा असतो.

दाबाखालील हवेवर चालणाऱ्या प्रतिमांचा पंथ वेगळा आहे. सिलिंडरातील दट्ट्या हवेने ढकलला, की शवपेटीचे झाकण क्षणात उघडते व प्रेत उठून बसते. हवा संकोचनक्षम असल्याने तिला मध्येच थोपविणे कठीण जाते. बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर नियंत्रक झडप बसविली, तर दट्ट्या काही अंशी संथ चालतो. पण या पंथाचा जीव दचकविण्यातच आहे. बाजारातील तयार मालही बहुतेक याच वळणाचा झाला आहे. दचकविणे एकदा साधते. दुसऱ्या फेरीला तेच मूल त्या पेटीकडे पाहून हसते. उडत्या भुतासमोर मात्र ते पुन्हा पुन्हा उभे राहते.

या छंदातील खरा धोका भुतांचा नसून आगीचा आहे. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सी राज्यातील एका करमणूक उद्यानाच्या भूतघराला आग लागून आठ तरुण मृत्युमुखी पडले. ती वास्तू जोडलेल्या मालवाहू पेट्यांची होती. तिच्यात फेसाच्या गाद्यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ होते व आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था नव्हती. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत अशा वास्तूंसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. घरच्या अंगणाला ते बहुधा लागू होत नाहीत, म्हणून तेथे दक्षता कारागिराचीच असते. तासन्‌तास चालणारी मोटर तापते आणि तिच्याखाली वितभर अंतरावर सुती जाळी लोंबत असते. प्रत्येक मोटरीला वितळतार (फ्यूज) जोडणे, कापडाला अग्निरोधक द्रावणाचे हात देणे, मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा वापरणे आणि मुलांच्या वाटेत फिरणारी भुजा उघडी न ठेवणे, या गोष्टी जाणकार मंडळी पाळतात.

सण सरताच पहिल्या आठवड्यात प्रतिमा उतरविल्या जातात. मोटर पुढच्या वर्षासाठी फडताळात जाते, कापड फाटते, लाकूड दुसऱ्या कामाला लागते. झाके-द्रोंची बाहुली अडीचशे वर्षे टिकली; उडते भूत सहसा दहा वर्षेही टिकत नाही. मात्र त्याची सगळी रचना कागदाच्या एका पानावर काढता येते आणि ते पान पाहून कोणालाही दोन सुट्यांत ते पुन्हा उभे करता येते. त्यामुळे देशोदेशी आढळणाऱ्या उडत्या भुतांत चौकटीचे माप, दोऱ्यांची लांबी व कवटीचा चेहरा बदललेला असला, तरी भुजा व तिच्यावरचे तीन दोरे तेच असतात.